शुक्रवार पेठेतलं वेड

पाय घासायची जुनी पितळी वजरी जरा निरखून पाहा. खालची बाजू टाच खरवडेल इतकी खडबडीत, आणि वर मुठीच्या जागी मोर किंवा पोपट, चोच अन् पिसांसकट. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून राहणारी, पाहुण्याच्या नजरेला कधीच न पडणारी ही वस्तू. तिच्यावरही कारागिरानं एवढा जीव लावला. अशा वजऱ्या, अडकित्ते, लामणदिवे, दौती, फण्या आयुष्यभर जमवत राहिले ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). घरचा धंदा चष्म्यांचा, कविता लिहायच्या त्या ‘अज्ञातवासी’ या नावानं, आणि १९२० च्या सुमारास लागलेला हा नाद त्यांनी पुढे सोडलाच नाही. १९६० पर्यंत त्यांच्याकडे पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या. चांगला कमावता माणूस मोडीच्या ढिगात हात घालून वजरी शोधतो, याला आपल्याकडे सरळ वेडच म्हणतात.

पण हा शब्द आपण सगळ्याच संग्राहकांना लावत नाही. तलवारी किंवा सोन्याची नाणी जमवणारा रसिक ठरतो. विळ्या आणि सुपारी कातरायची हत्यारं जमवणारा चक्रम. नाद दोघांचा एकच, फरक आहे तो वस्तूंच्या प्रतिष्ठेत. आपल्या लेखी इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनदा. कागदपत्रं जपायला पुण्यात १९१० सालीच भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं होतं, आणि ते काम थोरच आहे. पण स्वयंपाकघर, माजघर, न्हाणीघर यांचा इतिहास घडवला तो बायकांनी आणि तांबट-कासारांनी, आणि त्यांचं दप्तर कुणी ठेवलं नव्हतं. म्हणून मला वाटतं, गाव ज्याला विक्षिप्त म्हणतं त्याच्यापेक्षा गावाबद्दलच तो शब्द जास्त सांगतो. कशाला किंमत द्यायची नाही हे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो, आणि तो ठराव मोडणारा माणूस आपल्याला खुपतो.

यावर कुणी म्हणेल, केळकरांचं वस्तुसंग्रहालय झालं म्हणून हे कौतुक; ज्यांचा पसारा शेवटी भंगारवाल्यानं उचलला त्यांचं काय? आक्षेप खरा आहे. प्रत्येक नादिष्ट द्रष्टा नसतो, आणि नादाची किंमत पुष्कळदा घरच्यांना मोजावी लागते. इथे पत्नी कमलाबाईंची साथ होती. सगळीकडे ती नसते, आणि तिथे घरच्यांच्या तक्रारीला कोतेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. तरीही एक कसोटी लावता येते. तो माणूस वस्तू कवटाळून बसतो, की कधीतरी दार उघडतो? केळकरांनी आपला मुलगा राजा लहानपणीच गमावला. त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं, आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला.

दुसरा आक्षेप असा, की वस्तू घरातून उचलून काचेआड ठेवली की ती मेली. अडकित्त्याचं खरं घर पानाचा डबा, हे कबूल. पण घरांनीच त्या वस्तू आधी बाहेर काढल्या होत्या. वीज आली तसे दिवे गेले, स्टील आलं तसं तांबं-पितळ मोडीत निघालं, १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे कोसळले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष याच संग्रहालयात पुन्हा जुळवून उभे आहेत. मूळ जागी आज त्यातलं काही पाहायला मिळालं असतं असं मला वाटत नाही.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेत हे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. वीस हजारांहून जास्त वस्तूंपैकी जेमतेम अडीच हजार मांडलेल्या आहेत. जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बरोबर न्या, आणि प्रत्येक वस्तूला तुमच्या गावी काय म्हणायचे ते तिच्याकडून लिहून घ्या.