कॉर्टिसॉल : पहाटेचे संप्रेरक आणि अचानक थांबवलेली गोळी

इंदापूर तालुक्यातील बावडा हा उसाचा भाग. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने मिळत आली आहे. पाळी रात्रीची असली की दारे धरायला अंधारातच रानात जावे लागते. घरात त्याच वेळी कोणी आजारी वडीलधाऱ्यांच्या उशाशी जागत असते. या जागरणाचा परिणाम ज्या संप्रेरकावर होऊ शकतो, त्याचे नाव कॉर्टिसॉल.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेने त्या कॉर्टिसॉल स्रवतात. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते; पहाटे ते वाढू लागते आणि जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. रक्तदाब सांभाळणे, उपाशीपोटी रक्तातील साखर टिकवणे, सूज आवरणे ही त्याची कामे. म्हणून त्याला केवळ 'तणावाचे संप्रेरक' म्हणून दोष देणे योग्य नाही. मात्र काळजी आणि जागरण महिनोन्महिने चालले की हा दैनंदिन क्रम बिघडू शकतो.

तणावाचा शरीरावर होणारा परिणाम मोजताही येतो. 1995 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या 13 स्त्रियांची लहानशी जखम भरून येण्यास इतरांपेक्षा सरासरी 9 दिवस अधिक लागले. शुश्रूषा करणाऱ्याची झोप ही चैन नव्हे. रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्याव्यात.

वृद्धांच्या बाबतीत याहून गंभीर धोका औषधाच्या पेटीत असू शकतो. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका तरुण रुग्णेला कॉर्टिसोन दिले गेले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. या संशोधनाला 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन या स्टेरॉइड गोळ्या त्याच कुळातील. दमा, संधिवात यांत त्या मोलाच्या ठरतात. पण गुडघेदुखीवरील निनावी पुडीतही त्या मिसळलेल्या असू शकतात.

अशी गोळी काही आठवडे घेतली की बाहेरून पुरवठा होत असल्याचे पाहून आपली ग्रंथी काम मंदावते. मग 'आता बरे वाटते' म्हणून गोळी एकाएकी थांबवली, तर शरीराला लागणारे कॉर्टिसॉल कोठूनच मिळत नाही. विलक्षण थकवा, उलट्या, पोटदुखी, उभे राहताच भोवळ, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे होत. ती 'वयामुळे' आहेत असे समजू नये. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि चालू किंवा थांबवलेली गोळी डॉक्टरांना दाखवावी.

याउलट चेहरा गोल होणे, त्वचा पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडणे, साखर आणि रक्तदाब वाढणे, ही दीर्घकाळ जास्त स्टेरॉइड गेल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हाही गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. ताप आल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरल्यास ही गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगावे, कारण तेव्हा मात्रा वाढवावी लागू शकते.

आजच घरातील औषधांची पेटी उघडावी. प्रत्येक गोळीचे नाव एका कागदावर लिहावे आणि ज्या पुडीला नाव नाही, ती पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी.