जुन्या संगणकाचे निदान : पडद्याचे चित्रण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य

सोलापुरात मागावर चादर विणली जात असता कापडावर एखादी रेघ उमटली, तर जाणता विणकर केवळ कापडाकडे पाहून थांबत नाही. उभा धागा तुटला की धोट्यात काही बिघडले, हे तो मागाकडे वळून ठरवितो. कापडावरील रेघ ही खूण होय, कारण नव्हे. शाळेतील जुन्या संगणकासही हाच न्याय लागू पडतो. ‘इंटरनेट चालत नाही’, ‘यंत्र फार मंद झाले’ अशी जी तक्रार केली जाते, ती बहुधा खुणेची असते. कारण निराळ्याच ठिकाणी दडलेले असते.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडून ध्वनिफिती व चित्रफिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्या. या व अशा अन्य कार्यासाठी त्यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. परंतु संकेतापलीकडील पाठ उघडावयाचा, तर यंत्र चालते असावे लागते. द्विशिक्षकी शाळेतील संगणक दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गावी न्यावयाचा म्हणजे एका शिक्षकाचा दिवस जावयाचा आणि सर्व वर्ग दुसऱ्यावर पडावयाचे. यास्तव यंत्रावर आच्छादन घातले जाते आणि कालांतराने त्याचे नाव निर्लेखनाच्या यादीत जाते. थोड्या खर्चात सुधारणारे यंत्र अशा रीतीने मुलांच्या हातून कायमचे निघून जाते.

या अडचणीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट उपयोगी पडू शकतो. एजंट म्हणजे दिलेले काम पायरीपायरीने करणारी संगणकीय कार्यप्रणाली. काही एजंट चित्रफितही पाहू शकतात. ते चित्रफितीतून ठरावीक अंतराने स्थिर चित्रे घेतात, त्यांवरील अक्षरे वाचतात आणि आधी काय घडले, नंतर काय घडले यांचा संबंध लावतात. तक्रार सांगताना शिक्षक जे महत्त्वाचे वाटते तेवढेच सांगतो. चित्रणात मात्र त्याने दुर्लक्षिलेलेही उतरते. चित्रणाचा खरा लाभ हाच होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडली आणि संगणकावर एकही संकेतस्थळ उघडेना. ‘जोडणी सुरक्षित नाही’ एवढाच इशारा येतो. शिक्षकास वाटते, इंटरनेट बिघडले. चित्रणात मात्र पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसते आणि ती २००९ सालची असते. सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते व ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य, हे त्यावर नमूद असते. ज्या यंत्राच्या लेखी आज २००९ साल आहे, त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नाही. म्हणून ते नकार देते. यंत्र बंद असता घड्याळ चालू ठेवणारी चपटी, नाण्याएवढी बॅटरी मुख्य फलकावर असते. बहुधा सीआर २०३२ या नावाची, ३ व्होल्टची. ती संपली की तारीख मागे जाते. शाळा सुटताना मुख्य बटण बंद होत असल्याने हा दोष दीर्घ सुटीनंतर विशेष जाणवतो.

येथे एजंटाने ‘बॅटरी बदला’ म्हटले, तरी पडताळा घ्यावाच. तारीख हाताने बरोबर करावी व संकेतस्थळ उघडते का ते पाहावे. मग रात्रभर वीज पूर्ण तोडून सकाळी तारीख तपासावी. ती पुन्हा मागे गेली, तर निदान खरे. तारीख बरोबर असूनही नकार येत राहिला, तर कारण दुसरे. कदाचित यंत्रातील जुनी प्रणाली नवी प्रमाणपत्रे ओळखत नसेल. विंडोज ७ या प्रणालीस तिच्या निर्मात्याने दिलेला सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानी असू द्यावे.

चित्रण कसे करावे, यासही काही नियम आहेत. यंत्रातील चित्रण-सुविधा प्रणाली सुरू झाल्यावरच काम करू लागते. त्यापूर्वी काळ्या पडद्यावर येणारे इशारे तिच्यात उतरत नाहीत. शिवाय जुन्या यंत्रावर तिचाच भार पडतो. म्हणून मोबाईल एखाद्या आधारावर स्थिर ठेवून यंत्र सुरू करण्याच्या क्षणापासून चित्रण करावे. संपूर्ण पडदा, विशेषतः तारखेचा कोपरा, दिसत राहावा. प्रत्येक इशारा पाच-सहा सेकंद पडद्यावर राहू द्यावा, कारण क्षणात नाहीसे होणारे अक्षर एजंटाच्या दृष्टीतून निसटू शकते. आपण काय करीत आहोत, हे मराठीतच स्पष्ट बोलावे.

प्रश्न विचारतानाही क्रम असावा. प्रथम ‘काय दिसले व कोणत्या मिनिटास दिसले?’ एवढेच विचारावे. सांगितलेला क्षण चित्रफितीत स्वतः पाहावा. न दिसलेली गोष्टही एजंट आत्मविश्वासाने सांगून जातो, हा त्याचा मोठा दोष आहे. त्यानंतर संभाव्य कारणे, आणि प्रत्येकाची अपाय न करणारी चाचणी विचारावी. प्रणालीचे नाव व यंत्राचे वय आधीच सांगावे. नाही तर नव्या यंत्राच्या सूचना जुन्यास दिल्या जातात.

काही गोष्टी मात्र एजंटाच्या सांगण्यावरून कदापि करू नयेत. डिस्क पुसून नव्याने मांडणे, सुरक्षेचे इशारे बंद करणे, अनोळखी दुरुस्ती-कार्यक्रम उतरवून घेणे या त्या होत. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर तो चित्रांतून एजंटास कळेलच असे नाही. अशा वेळी प्रथम शाळेच्या धारिका अन्यत्र उतरवून घ्याव्यात व मगच पुढील विचार करावा.

चित्रणापूर्वी विद्यार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक व शालेय कामाचे परवलीचे शब्द पडद्यावरून दूर केलेले असावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. पडद्याचे चित्रण बाहेर पाठविणे म्हणजे पडद्यावरील सर्व काही बाहेर पाठविणे होय.

दुरुस्ती झाली की खूण, कारण व उपाय यांची तीन ओळींची नोंद डेडस्टॉक नोंदवहीत त्या यंत्रापुढे करावी आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती वाचून दाखवावी. एका शाळेस सापडलेले कारण दुसऱ्या शाळेचा दिवस वाचविते. यंत्र निर्लेखनास पाठवावयाचे की नाही, हा निर्णय अखेर संबंधित जबाबदार व्यक्तींचाच आहे. तो निर्णय कारण जाणून व्हावा, केवळ खूण पाहून नव्हे, एवढ्यासाठीच हे साहाय्य घ्यावयाचे.