उष्णतेचा जमाखर्च

संसारात काटकसर व्हावी आणि त्याच ओघात निसर्गावरील भारही हलका व्हावा, अशी मनापासून इच्छा बाळगणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांचे लक्ष दिव्याच्या बटणाशी येऊन थांबते, आणि ज्या वाटेने घरातील ऊर्जा खरोखर निघून जाते त्या वाटेकडे सहसा कोणी पाहत नाही. खोलीबाहेर पडताना दिवा मालवणे ही चांगलीच सवय आहे, ती सोडू नये. पण जेथे ६० वॅटच्या बल्बची जागा ९ वॅटच्या एलईडी दिव्याने घेतली, तेथे प्रकाशाचा खर्च किरकोळ झाला आहे. वीज आणि गॅस यांचा मोठा खप होतो तो काहीतरी तापविण्यासाठी, नाहीतर थंड करण्यासाठी.

गीझरचेच घ्या. त्यातील १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते, आणि तेवढ्या विजेवर तो ९ वॅटचा दिवा साठ तासांहून अधिक जळेल. शिवाय ६० अंशांचे पाणी अंगावर घेता येत नाही, म्हणून त्यात थंड पाणी मिसळून ते आपण पुन्हा निववतो. खटका ४५–५० अंशांवर ठेवला, स्नानापूर्वी पंधरा-वीस मिनिटे गीझर चालवला आणि लगेच बंद केला, तर टाकीतले पाणी दिवसभर निवते आणि पुन्हा तापते हा अव्याहत अपव्यय टळतो. या बचतीचा मोबदलाही वाटतो त्याहून अधिक असतो. महाराष्ट्रात घरगुती विजेची आकारणी टप्प्याटप्प्याने होते: १०० युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, आणि त्याही पलीकडे सर्वांत चढा. वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, महाग टोकाकडून वजा होते. म्हणून देयकावरील एकूण रकमेपेक्षा आपला खप कोणत्या टप्प्यात मोडतो हे दरमहा पाहण्याचा प्रघात घरात अवश्य असावा.

स्वयंपाकघरात तर उष्णतेचे शास्त्र रोज डोळ्यांसमोर घडत असते. पाण्याला एकदा उकळी फुटली की, आच कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. वाढते ती केवळ वाफ. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवून देण्यात खर्ची पडते. भाजीवर झाकण ठेवावे, उकळी येताच आच मंद करावी, हा आजीचा आग्रह किती सशास्त्र होता ते या एका आकड्यावरून कळावे. कुकरचेही तसेच आहे. आतील दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. पण शिट्टी होते तेव्हा बाहेर पडते ती पैसे मोजून तयार केलेली वाफच. तुरीची डाळ अर्धा तास भिजत घालावी, पहिली शिट्टी होताच गॅस अगदी बारीक करावा, आणि वेळ भरताच बंद करून वाफ जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नये, कारण त्या अवधीतही अन्न शिजतच असते. १४.२ किलोचे एक सिलिंडर जळाले म्हणजे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. तेव्हा ते चार दिवस अधिक पुरले, तर लाभ केवळ आपल्या खिशाचा होत नाही.

जुन्या घरांत उष्णतेची ही कदर हाडीमाशी खिळली होती. चुलीवर भाकरी होत असे तेव्हा शेजारच्या वैलावर, बाजूने येणाऱ्या धगीवर, आमटी किंवा दूध तापत असे; आणि स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या फुफाट्यात वांगे किंवा रताळे भाजले जाई. म्हणून चुलीकडे परत जावे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या धुराने कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांचे डोळे आणि छाती खराब केली, ही किंमत फार मोठी होती. घ्यायचे ते तत्त्व: एकदा निर्माण केलेली उष्णता काम संपेपर्यंत हातची जाऊ द्यायची नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केलेला सराई कुकर या तत्त्वाचे नमुनेदार उदाहरण आहे. सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर त्यात चारपाच माणसांचा भात, वरण आणि भाजी वाफेवर शिजते.

उन्हाळ्यात हाच न्याय उलट लागू होतो. वातानुकूलन यंत्र १८ ऐवजी २४–२५ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा, पश्चिमेच्या खिडकीला दुपारी वाळ्याचा पडदा असावा, गरम पातेले निवल्याशिवाय फ्रीजमध्ये जाऊ नये. पंख्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण तो कित्येक घरांत रात्रंदिवस फिरत असतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी जातीचा नवा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास वापर धरला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे वाचतात.

राहिला प्रश्न गच्चीचा. सौर पाणी-तापक बसविण्याचा खर्च एकट्या कुटुंबाला जड वाटतो. पण गृहनिर्माण संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून सामायिक योजना केली, तर तो सुसह्य होतो. पुण्यासारख्या महापालिकेत अशा सोयीबद्दल मालमत्ता करात सवलतही मिळते. नळांना गरम पाण्याची वेगळी वाहिनी लागते, म्हणून इमारतीची नळदुरुस्ती निघेल तेव्हाच हा विषय सभेपुढे आणावा, म्हणजे भिंती दोनदा फोडाव्या लागणार नाहीत.