हरवणारा खेळच हातून का सुटत नाही?

सुरतच्या लिंबायत भागात मोकळा वेळ सलग मिळत नाही, तुकड्यांनी मिळतो. यंत्रमागांच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. रात्रपाळी सुटून दिवसपाळी चढेपर्यंतचा चहा, शेअर रिक्षा भरेपर्यंतची दहा मिनिटे, जेवणानंतरची थोडी उसंत, एवढाच काय तो विसावा. या तुकड्यांमध्ये हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर बहुधा एखादा अगदी साधा खेळ. बोट टेकवले की पक्षी उडतो, बोट सरकवले की फळ कापले जाते किंवा एका रंगाचे तीन ठोकळे जुळतात. नियम शिकायला अर्धे मिनिट पुरते. हरायला मात्र तेवढाही वेळ लागत नाही. तरीही ‘हा शेवटचा डाव’ असे म्हणत दहा डाव होतात आणि चहा निवून जातो.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने रोजगारासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची लिंबायत ही मोठी वस्ती आहे. घरात अहिराणी किंवा मराठी, कामावर हिंदी-गुजराती आणि मुलांसाठी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा, असे येथील जीवन. श्रमाचा हिशेब येथे तासावर किंवा नगावर होतो. म्हणूनच एका क्षुल्लक खेळाचा प्रश्न येथे क्षुल्लक राहत नाही. आनंद देणारा खेळ माणसाला धरून ठेवतो, हे समजण्यासारखे आहे. पण वारंवार हरवणारा, चिडचिड करायला लावणारा खेळ का सुटत नाही?

एका पक्ष्याची गोष्ट

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण व्हिएतनाममधले आहे. हनोई येथील डाँग गुयेन या तरुणाने अवघ्या काही दिवसांत तयार केलेला ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर टिचकी मारली की पक्षी किंचित वर उडे, टिचकी थांबली की खाली येई. हिरव्या नळांमधल्या फटीतून त्याला पार नेले की एक गुण मिळे. नळाला नुसता स्पर्श झाला तरी खेळ खलास. पहिले कांस्यपदक दहा गुणांना होते आणि तेवढी मजल गाठणेही अनेकांना जड जाई.

काही महिने या खेळाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. जानेवारी २०१४ मध्ये मात्र तो मोफत खेळांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचला. जाहिरातींतून दिवसाला सुमारे पन्नास हजार डॉलर मिळत असल्याचे गुयेन यांनी तेव्हा सांगितले होते. पुढे जे घडले ते विलक्षण होते. १० फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांनी स्वतःच तो खेळ बाजारातून काढून घेतला. निवांत असताना काही मिनिटे खेळावा म्हणून तो बनवला होता, पण लोकांना त्याचे व्यसन लागले, अशी भूमिका त्यांनी मुलाखतीत मांडली. एवढ्या उत्पन्नाचा झरा निर्मात्याने आपल्याच हाताने बंद केल्याची उदाहरणे या व्यवसायात विरळाच.

हुकलेल्या विजयाची ओढ

मांडवीतल्या कॅसिनोंमुळे गोमंतकीय वाचकाला नाणे टाकून खेळायच्या यंत्रांची ओळख आहे. तीनपैकी दोन चित्रे जुळतात आणि तिसरे जेमतेम हुकते. खेळणारा हरलेलाच असतो, पण त्याला वाटते, ‘थोडक्यात गेले’. केंब्रिज विद्यापीठातील ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या ‘थोडक्यात हुकण्या’चा अभ्यास प्रसिद्ध केला. असे हुकणे लोकांना साध्या हरण्यापेक्षाही अप्रिय वाटले. मात्र चित्राची निवड खेळणाऱ्याने स्वतः केलेली असली, तर त्याच हुकण्याने पुन्हा खेळण्याची इच्छा वाढवली. जिंकल्यावर मेंदूतील जे भाग उद्दीपित होतात, त्यांतील काही भाग हुकल्यावरही उद्दीपित झालेले आढळले.

यात पैशांचा भाग होता. पैसे नसले तर काय होते? कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘कँडी क्रश’ खेळणाऱ्यांवर केलेला अभ्यास याचे उत्तर देतो. पातळी पूर्ण होता होता राहिली की खेळणाऱ्यांची चिडचिड सर्वाधिक होई, आणि पुढे खेळत राहण्याची ऊर्मीही त्याच वेळी सर्वाधिक असे. म्हणजे चीड आणि ओढ या दोन परस्परविरोधी गोष्टी नाहीत. या खेळांत चीड हेच ओढीचे इंधन असते.

त्यामागची रचना समजून घेतली की हे गूढ उरत नाही. अशा खेळात दोष देण्यासाठी दुसरे कोणी नसते. नियम सोपे, बोट आपले, चूकही आपलीच. त्यामुळे ‘हे आपल्याला जमायलाच हवे’ असे वाटत राहते. कठीण गणित सुटले नाही तर माणूस वही मिटतो. सोपे दिसणारे गणित चुकले तर मात्र तो पुन्हा पेन उचलतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हरणे आणि पुन्हा सुरू करणे यांच्यामध्ये अंतरच नसते. पत्त्यांच्या डावात पिसायला, वाटायला वेळ जातो. कॅरममध्ये सोंगट्या पुन्हा मांडाव्या लागतात. तेवढ्या अवकाशात कोणी तरी ‘पुरे आता’ म्हणते. मोबाइलवर एका टिचकीत नवा डाव उभा राहतो आणि थांबण्याचा विचार मनात येण्याआधीच तो सुरूही झालेला असतो. तिसरी गोष्ट, यश कधी येईल हे सांगता येत नाही. सात वेळा तीन-चार गुण मिळतात आणि आठव्या वेळी अचानक अठरा. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवून दिले होते की, बक्षीस ठरावीक प्रयत्नांनंतर न देता अनिश्चितपणे दिले, तर जडलेली सवय अधिक चिवट होते.

थांबवण्याचीही युक्ती

काही खेळ तर मुद्दाम थांबवतात. ‘कँडी क्रश’मध्ये पाच ‘जीव’ मिळतात. ते संपले की एकेक जीव परत यायला तीस मिनिटे लागतात. वरवर पाहता हा विश्रामच आहे. प्रत्यक्षात अर्ध्या तासाने खेळ पुन्हा हाक मारतो आणि ज्याला धीर धरवत नाही, त्याच्यापुढे पैसे मोजण्याचा पर्याय असतोच. इतर अनेक खेळांत ‘जाहिरात पाहा आणि पुन्हा जिवंत व्हा’ अशी सवलत असते. हरल्यामुळे झालेली चीड ताजी असतानाच ती पुढे येते. खेळ मोफत असतो, कारण खेळणाऱ्याचे लक्ष विकले जात असते.

याची लिंबायतच्या हिशेबाने किंमत काय? येथील अनेक स्त्रिया घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात, लेस लावतात, सुटे धागे कापतात. मजुरी नगावर मिळते. दुपारचा अर्धा तास खेळात गेला तर तेवढे काम मागे पडते आणि ते रात्री झोपेतून वसूल करावे लागते. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला दिवसा मिळणारी झोप आधीच तुटपुंजी असते. ‘दोन डाव’ म्हणून उशाशी घेतलेला मोबाइल तीही कुरतडतो. झोप न झालेला माणूस चालत्या मागासमोर उभा राहतो, तेव्हा प्रश्न गुणांचा राहत नाही, बोटांच्या सुरक्षिततेचा होतो.

कायद्याच्या जाळीतून सुटणारे

मोबाइल खेळांवर बंदीचा प्रयोग गुजरातने पाहिला आहे. मार्च २०१९ मध्ये राजकोटसारख्या शहरांत पोलिसांनी अधिसूचना काढून ‘पबजी’वर मनाई केली आणि काही तरुणांना अटकही झाली. त्याच सुमारास गोव्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे यांनी या खेळाला घराघरांतल्या राक्षसाची उपमा दिली होती. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने सुरक्षेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना रोखणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये आला.

पक्षी उडवण्याचा किंवा ठोकळे जुळवण्याचा खेळ यांपैकी कशातच बसत नाही, आणि बसूही नये. त्यात हिंसा नाही, पैज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे साधारणतः वर्षभर टिकावी लागतात. चहाच्या टपरीवर खेळणारे बहुतेक जण आजारी नसतात. ते एका कसबी रचनेत काही काळ अडकलेले असतात.

म्हणूनच उपायही रचनेवरच हवा. ‘पाच मिनिटे खेळू’ हा निश्चय टिकत नाही, कारण खेळात वेळेचे भान राहत नाही. ‘तीन डाव’ हे मोजता येते. हरल्यावर थांबणे सर्वांत कठीण असते, म्हणून चांगला डाव झाला की तेथेच मोबाइल खाली ठेवणे सोपे जाते. खेळाच्या सूचना बंद केल्या की अर्ध्या तासाने येणारी हाकही बंद होते. मुलांच्या हातून मोबाइल हिसकावण्यापेक्षा ‘एवढा डाव संपव आणि ठेव’ असे आधीच ठरवून घेतलेले बरे. अर्धवट तोडलेला डाव मनात चालूच राहतो. रात्री मोबाइल अंथरुणापासून उठून जावे लागेल इतका दूर असावा. एवढे करूनही झोप, काम किंवा शाळा सतत बिघडत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तो मागण्यात कमीपणा नाही.

घरातला माणूस खेळात गुंतला की त्याला आळशी किंवा दुबळ्या मनाचा ठरवले जाते. वस्तुतः त्याची चिकाटीच त्याला तेथे धरून ठेवते. तुटलेला धागा शंभरदा जोडणारा कामगार हुकलेला डावही शंभरदा खेळतो. फरक एवढाच की, धागा जोडला की कापड पुढे सरकते. या खेळाला मात्र शेवटच नसतो. तो खेळणाऱ्यालाच ठरवावा लागतो, आणि तोही पहिली टिचकी मारण्यापूर्वी.