मैदानावरचे मास्तर : ऑस्कर ताबारेझ

उरुग्वेची लोकसंख्या जेमतेम 35 लाख. तरीही 1930 आणि 1950 असे दोन विश्वचषक या चिमुकल्या देशाच्या नावावर आहेत. पुढे मात्र गाडी रुळावरून घसरली. 2005च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे हरला आणि 2006च्या विश्वचषकाचं दार बंद झालं. अशा वेळी फुटबॉल संघटनेने साकडं घातलं ते ऑस्कर ताबारेझ यांना.

ताबारेझ यांचा जन्म 1947चा, मॉन्टेव्हिडिओचा. ते बचावपटू होते. उरुग्वेतले छोटे क्लब, अर्जेंटिना, मेक्सिको असं फिरून 1979मध्ये निवृत्त झाले. खेळाडू म्हणून नाव फारसं गाजलं नाही. पण ते प्राथमिक शाळेत शिक्षकही होते. म्हणूनच सारा देश त्यांना ‘एल माएस्त्रो’, म्हणजे मास्तर, म्हणतो.

प्रशिक्षक म्हणून पहिलं मोठं यश 1987चं. पेन्यारोल क्लबला घेऊन ते कोपा लिबेर्तादोरेसच्या अंतिम फेरीत पोहोचले. समोर होता कोलंबियाचा अमेरिका द काली. सांतियागोतला निर्णायक सामना बरोबरीत सुटला असता, तर गोलफरकावर चषक कालीकडे जाणार होता. जादा वेळेतलं शेवटचं मिनिट सुरू असताना दिएगो अगिरेने गोल केला आणि चषक मॉन्टेव्हिडिओला आला.

त्यानंतर 1990च्या विश्वचषकात त्यांनी उरुग्वेला बाद फेरीत नेलं, 1992मध्ये बोका ज्युनियर्सला अर्जेंटिनातलं विजेतेपद मिळवून दिलं. इटलीत मात्र ठेच लागली. 1996मध्ये गतविजेत्या एसी मिलानची सूत्रं हाती आली खरी, पण डिसेंबरातच नारळ मिळाला.

2006मध्ये ताबारेझ परतले ते एक लेखी आराखडा घेऊन. राष्ट्रीय संघ म्हणजे फक्त अकरा जण नव्हेत, हे त्याचं सूत्र. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपासून मुख्य संघापर्यंत एकच शिस्त, एकच विचार. सगळ्या वयोगटांचा सराव मॉन्टेव्हिडिओजवळच्या एकाच केंद्रात. कोवळ्या खेळाडूंनी शिक्षण सोडू नये, समोर येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करावा, यावरही मास्तरांचा कटाक्ष असे.

फळं दिसायला वेळ लागला नाही. 2010च्या विश्वचषकात उरुग्वेने 1970नंतर प्रथमच उपांत्य फेरी गाठली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला दिएगो फोर्लान. 2011मध्ये उपांत्यपूर्व फेरीत यजमान अर्जेंटिनाला आणि अंतिम सामन्यात पॅराग्वेला 3-0 असं हरवून संघाने पंधराव्यांदा कोपा अमेरिका जिंकली. त्याच वर्षी 17 वर्षांखालील आणि 2013मध्ये 20 वर्षांखालील संघ जागतिक उपविजेते ठरले. होसे मारिया हिमेनेझ, फेदेरिको वाल्वेर्दे हे याच वाटेने वर आले.

टीकाही झाली. त्यांचा खेळ फार बचावात्मक आहे, असं अनेकांचं म्हणणं होतं. 2014मध्ये लुईस सुआरेझने इटलीच्या खेळाडूला चावा घेतला, तेव्हा फिफाने केलेली शिक्षा अवाजवी ठरवून ताबारेझ यांनी फिफातलं आपलं पद सोडलं. चूक केलेल्या शिष्याची त्यांनी घेतलेली ही बाजू सगळ्यांना पटली नाही.

2018च्या विश्वचषकापर्यंत चेतासंस्थेच्या विकाराने पायांची ताकद गेली होती. तरी कुबडी घेऊन ते मैदानाच्या कडेला उभे राहिले. इजिप्तविरुद्ध 89व्या मिनिटाला हिमेनेझने हेडरवर विजयी गोल केला आणि सत्तरी ओलांडलेले मास्तर आनंदाने उसळले. ती वाटचाल उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने थांबवली.

शेवट कटू झाला. 2021च्या अखेरीस विश्वचषक पात्रता फेरीतले सलग चार सामने गमावल्यावर संघटनेने त्यांना पदावरून दूर केलं. त्यांच्या जागी आलेल्या दिएगो आलोन्सो यांनी उरलेले चारही सामने जिंकून संघाला कतारला नेलं. त्या संघातले बरेच जण मात्र मास्तरांच्याच तालमीत घडलेले होते.

एकाच देशाला चार विश्वचषकांत घेऊन जाणारे प्रशिक्षक विरळा. तरीही ताबारेझ यांची सर्वांत मोठी कमाई म्हणजे 2011चा चषक नव्हे, तर 2006मध्ये त्यांनी घालून दिलेली खेळाडू घडवण्याची घडी.