ब्रेक मास्टर सिलिंडरची गळती व दुरुस्ती

ब्रेक मास्टर सिलिंडर हा मोटारीच्या द्रवचलित ब्रेक यंत्रणेतील मुख्य घटक आहे. चालकाने पेडलवर दिलेल्या दाबाचे तो द्रवाच्या दाबात रूपांतर करतो आणि हा दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचवतो. या सिलिंडरमधून द्रव गळू लागल्यास ब्रेक अंशतः वा पूर्णतः निकामी होऊ शकतात. कोकणासारख्या दमट हवेच्या व चढउतारांच्या प्रदेशात या दोषाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

तत्त्व व रचना

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या पास्कलच्या नियमावर ही यंत्रणा आधारलेली आहे. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौ. सेंमी. असून त्यावर ९० किलोग्रॅम भार पडला, तर द्रवात दर चौ. सेंमी.ला ३० किलोग्रॅम दाब निर्माण होतो. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौ. सेंमी. असल्यास तेथे ६०० किलोग्रॅम भार मिळतो.

चारही चाकांना द्रवचलित ब्रेक असलेली मोटार अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली बाजारात आणली. सुरुवातीच्या सिलिंडरमध्ये एकच दट्ट्या असे व एका ठिकाणी गळती झाली तरी सर्व ब्रेक जात. आधुनिक मोटारींत एकामागे एक असे दोन दट्टे व दोन स्वतंत्र मार्ग असतात. त्यामुळे एक मार्ग निकामी झाला, तरी दुसऱ्याच्या साहाय्याने गाडी थांबवता येते. मात्र पेडल अधिक खोल जाते व थांबण्याचे अंतर वाढते.

गळतीचे प्रकार व लक्षणे

ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलप्रमाणे हळूहळू जळून कमी होत नाही. ब्रेक पॅड झिजल्यामुळे टाकीतील पातळी थोडी खाली जाते, पण ती वारंवार घटत असेल तर कोठेतरी गळती आहे असेच समजावे. केवळ ऑइल भरत राहणे हा उपाय नव्हे.

बाह्य गळतीत सिलिंडरच्या मागच्या टोकाशी, म्हणजे तो बूस्टरला जोडलेला असतो तेथे, ओल दिसते. काही वेळा ऑइल बूस्टरच्या आत शिरते, त्यामुळे बाहेर थेंबही आढळत नाही. अंतर्गत गळतीत दट्ट्यावरील रबरी सील झिजून द्रव आतल्या आत मागे सरकतो. टाकीतील पातळी कायम राहते, परंतु पेडल एकसारखे दाबून धरल्यास ते सावकाश खाली जात राहते. इंजिन सुरू करताच दाबलेले पेडल एकदाच किंचित खाली जाणे हे मात्र बूस्टरच्या कार्याचे लक्षण असून तो दोष नाही.

कारणे व कोकणातील परिस्थिती

सील कालांतराने कडक होतात. ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते; या पाण्यामुळे सिलिंडरच्या आतील भिंत गंजते आणि तिच्यावरील खड्डे सील कापतात. बाष्पामुळे ऑइलचा उत्कलनबिंदूही घटतो. डॉट ४ दर्जाच्या ऑइलसाठी किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २३०° से., तर ओलसर अवस्थेत १५५° से. असा ठरवलेला आहे.

रायगड जिल्ह्यातील नागोठणे हे अंबा नदीकाठचे गाव मुंबई–गोवा महामार्गावर आहे. तेथून कोलाडकडे जाताना सुकेळी खिंड लागते. पुढे पोलादपूरनंतर कशेडी घाट आहे. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ऑइल तापते. ते ओलसर असल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होतात व पेडल पोकळ लागते. त्यात सीलही झिजलेले असतील तर धोका दुणावतो. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवावा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, अनेक गाड्यांसाठी दर दोन वर्षांनी, ऑइल बदलावे.

दुरुस्ती

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावतात. टाकीतील ऑइल पिचकारीने काढून घेतात, नळ्या सोडवतात व सिलिंडर बूस्टरपासून वेगळा करतात. सर्क्लिप काढल्यावर दट्टे व स्प्रिंगा बाहेर येतात. त्यांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो. भाग स्वच्छ ब्रेक ऑइलनेच धुवावेत. पेट्रोल, रॉकेल वा इंजिन ऑइलचा अंशही लागल्यास रबर फुगते.

आतील भिंत गुळगुळीत असेल तर नवे किट बसवता येते. सीलची कड दाब निर्माण होणाऱ्या बाजूस असावी. भिंतीवर गंजाचे खड्डे अथवा ओरखडे असल्यास संपूर्ण सिलिंडर बदलणे आवश्यक ठरते. अशा भिंतीवर नवे सीलही फार काळ टिकत नाही. ॲल्युमिनियमचा सिलिंडर घासून गुळगुळीत करू नये, कारण त्यामुळे संरक्षक थर निघून जातो.

हवा काढणे व अंतिम चाचणी

द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून यंत्रणेतील सर्व हवा काढावी लागते. सिलिंडर बसवण्यापूर्वी त्यात ऑइल भरून दट्ट्या हळूहळू दाबतात. नंतर एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल उघडून बंद करायचे व त्यानंतरच पेडल सोडायचे, ही क्रिया प्रत्येक चाकावर करतात. चाकांचा क्रम गाडीनुसार बदलतो. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. एबीएस असलेल्या काही गाड्यांत यासाठी संगणकीय उपकरण लागते.

पेडल घट्ट लागते, दाबून धरल्यावर खाली जात नाही आणि सर्व जोड कोरडे आहेत याची खात्री झाल्यावर गाडी प्रथम सपाट, मोकळ्या रस्त्यावर मंद गतीने चालवून पाहावी. ब्रेक ऑइल रंग खराब करते, म्हणून सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. जुने ऑइल गटारात वा नदीत ओतू नये. गळती आढळलेली गाडी दुरुस्तीपूर्वी चालवू नये. ती ओढून न्यावी.