अनुदान म्हशीला की दुधाला?

आमच्या उल्हासनगर कॅम्प १ मध्ये वसुबारसेला सवत्स गाय शोधावी लागते. गेल्या वर्षी शोधत शोधत आम्ही म्हारळपर्यंत गेलो. पूजा झाल्यावर गोठेवाला तरुण म्हणाला, "काका, तुम्ही सरकारी कागद वाचता. माझं अनुदान मंजूर झालं म्हणतात, मग हातात का आलं नाही?"

त्याचे कर्ज दुग्ध उद्योजकता विकास योजनेतले होते. 2010 मध्ये सुरू झालेली ही केंद्राची योजना नाबार्डमार्फत राबवली गेली. तिच्यात सर्वसाधारण गटाला खर्चाच्या 25 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 33.33 टक्के अनुदान होते. समजा, प्रकल्प 2 लाखांचा आहे. स्वतःचे 20 हजार घातले, तर बँक 1 लाख 80 हजार देते. अनुदानाचे 50 हजार बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि शेवटच्या हप्त्यांत ती वळती होते. म्हणजे अनुदान आधी मिळत नाही. कर्ज फेडणाऱ्याला शेवटी सूट मिळते.

अडचण इथेच आहे. म्हैस दहा महिने गाभण असते, त्यातले शेवटचे दोनेक महिने भाकड जातात. दूध थांबते, पण चारा, पेंड आणि हप्ता थांबत नाही. दोन म्हशी एकदम घेतल्या तर दोन्ही एकाच वेळी आटण्याचा धोका असतो. म्हणून दुसरी पाच-सहा महिन्यांनी घ्यावी. हप्ते थकले, तर शेवटची सूटही अडकते.

सरकारी मदतीचे जुने मार्ग निराळे होते. 1949 मध्ये, आमच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले त्याच वर्षी, गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तिथे गोठे सरकारचे, म्हशी मालकांच्या. 1970 च्या 'ऑपरेशन फ्लड'मध्ये युरोपातून देणगी आलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल वापरून शहरांत दूध विकले गेले. त्या पैशांतून सहकारी संघांची संकलन, शीतकरण व वाहतुकीची व्यवस्था वाढली. पैसा एका म्हशीपेक्षा दुधाच्या वाटेवर खर्च झाला.

आज राज्याच्या दुधाळ जनावरांच्या गटवाटप योजनेत सर्वसाधारण गटाला 50 आणि अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान आहे. 2020 मध्ये 15 हजार कोटींचा म्हणून सुरू झालेला केंद्राचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी मात्र व्याजात 3 टक्के सवलत देण्यासाठी आणला गेला. त्याचा भर प्रक्रिया आणि पशुखाद्य उद्योगांवर आहे. दोन म्हशींच्या गोठ्याला तो जवळचा नाही.

त्या तरुणाला मी तीन प्रश्न लिहून दिले. अनुदान कोणत्या खात्यात आहे? व्याज किती रकमेवर लावले? ते केव्हा वळते होणार? हे बँकेला लेखी विचार, असे सांगितले. चौथा प्रश्न त्यानेच काढला: "काका, म्हैस घ्यायला मदत मिळाली. दुधाला दर कोण देणार?"

त्याचे उत्तर कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात नाही. अर्ज भरण्याआधी मात्र ते शोधायलाच हवे.